हात केल्यास गाडी थांबेल

रविवार, ३ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं हे वाचून आधी हसू आलं आणि मग दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. मालकांनी तो चष्मा माझ्याच नाकावर चढवला आणि मला दुकानभर फिरवून आणलं. ते म्हणाले की दुसऱ्यांच्या डोळ्यांचं काम करणाऱ्यानं आपले डोळे घरी ठेवून येऊ नये.

आता मुख्य बातमी. इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात महिन्यातून एकदाच मोठ्या डॉक्टरीणबाई येतात. या महिन्यात त्या २५ तारखेला, सोमवारी येणार आहेत. सकाळी तपासतात आणि दुसऱ्या दिवशी मोतीबिंदू काढतात. मी आईचं नाव घातलं आहे. तिथल्या नर्सबाईंना मी आईची सगळी लक्षणं सांगितली. त्या म्हणाल्या की दोन्ही डोळ्यांत इतका पिकलेला मोतीबिंदू असेल तर आणखी थांबणं बरं नाही. आतला दाब वाढला की मग शस्त्रक्रिया करूनही गेलेली नजर परत येत नाही. म्हणजे पुढच्या महिन्यावर ढकलायची सोय नाही. मी रोज काचा घासतो, पण आईला लागेल अशी काच कुठल्याच सहाणेवर घासून होत नाही.

नाव पुकारलं तेव्हा रोगी हजर नसेल तर नाव कापतात. म्हणून मला पहाटेपासून तिथं रांगेत उभं राहायला हवं. तुला सोमवारी पोस्ट बंद ठेवता येणार नाही. म्हणजे आईला एकटीनंच यावं लागणार. बसचं नावही ती काढू देणार नाही. मागच्या वेळी घाटाच्या वळणांत तिचे जे हाल झाले ते तुला माहीत आहेत. राहिली ती छोट्या कंपनीची रेल्वेगाडी. ती आता आपल्या घराखालच्या उताराच्या पायथ्याशी थांबते असं तूच लिहिलं होतंस.

चष्मा गिऱ्हाइकाला देण्याआधी मी स्वतः त्यातून बघतो. तसंच या गाडीतून आधी स्वतः बसून बघायचं ठरवलं. आज सुटी होती. माझ्या खोलीजवळच, काच कारखान्याच्या मागे, तिचा एक लहानसा थांबा आहे. सकाळी लवकर जाऊन उभा राहिलो. फलाटावर मी एकटाच. गाडी आली. दोनच डबे, स्वच्छ धुतलेले, आणि तिचा आवाज इतका कमी की मला आधी वारा आला असं वाटलं. मी कपडे नीट केले आणि हात बांधून सरळ उभा राहिलो. गाडी हळू झाली. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि गाडी निघून गेली.

कारखान्याचा पहारेकरी हे सगळं कुंपणाच्या आतून बघत होता. त्यानं विचारलं, फोटो काढून घ्यायला उभा होतास की गाडीत बसायला? त्यानं मला पाटी दाखवली. माझ्या डोक्याच्या बरोबर वर होती, म्हणूनच दिसली नाही. तिच्यावर लिहिलं होतं की हा विनंती थांबा आहे आणि हात केल्यास गाडी थांबेल.

पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. आईला एवढ्यात काही सांगू नकोस.

माझ्या वेंधळेपणासकट लोभ करतेस तसाच करत राहा.
तुझा धाकटा

---

गुरुवार, ७ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पाकीट आलं. शिक्का मीच मारला, फोडलंही मीच, आणि हसता हसता गोंदाची बाटली मीच सांडली. इथं शेळ्या राखणाऱ्यांनाही माहीत आहे की या गाडीला हात करावा लागतो. परवा त्यांच्यातल्या एकीनं माशी हाकलली तर गाडी थांबली होती. आणि आमचे शहरात राहणारे बंधुराज समाधीला बसल्यासारखे हात बांधून उभे! अरे, गाडी काय मनातलं ओळखते?

पण खरं सांगू का, हसून झाल्यावर मला जरा वाईटच वाटलं. आपल्या घरात हात वर करायची सवय कुणालाच नाही. शाळेत तुला उत्तर येत असूनही तू हात वर करायचा नाहीस, म्हणून मास्तर तुला ढ समजले आणि आठवीनंतर तू घरीच बसलास. ते तू कुणाकडून घेतलंस ते मला चांगलं माहीत आहे. ती बाई आत्ता माझ्यामागे बसून शेंगा सोलते आहे. सोललेल्या टोपलीबाहेर पडताहेत आणि सालं टोपलीत. मी उठून आत गेले की ती हातानं चाचपून सगळं पुन्हा निवडते.

तू नको म्हणालास तरी मी डॉक्टरीणबाईंचं तिला सांगितलं. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायला मी काही पोस्टाची पेटी नाही. तिनं आधी विचारलं की तुझं जेवण वेळेवर होतं का. मग म्हणाली की डोळे आहेत तेवढ्यावर भागतंय. मग म्हणाली की पंचवीस तारखेला तुला एकटीला पोस्टाचं झेपणार नाही, जणू काही टपालाचे गठ्ठे तीच वाहते. शेवटी खरं बाहेर आलं. मी तिला म्हटलं की तू फक्त हात वर करायचास, गाडी आपोआप थांबेल. त्यावर ती घाबरलीच. म्हणाली की गाडीतली सगळी माणसं आपापल्या कामाला निघालेली असतात. एका म्हातारीसाठी त्या सगळ्यांना खोळंबून ठेवायचं म्हणजे काय! ती कधी कुणाच्या वाटेत आडवी आली नाही आणि आता येणार नाही.

मी पुष्कळ डोकं आपटलं. भिंत हलली नाही.

तू येत्या रविवारी जा आणि मोजपट्टी या नावाला शोभेल असं सगळं बारकाईनं लिही. पायरी केवढी, बाकं कशी, माणसं कशी. तुझ्या पत्रात खाडाखोड नसते. आधी कच्चं लिहून मग पक्कं करतोस हे मला ठाऊक आहे. कागद काय झाडाला लागतात? लागतात म्हणा. तरी जपून वापर.

जेवत जा. बाकी माया इकडे भरपूर शिल्लक आहे, हवी तेवढी माग.
तुझी ताई

---

रविवार, १० नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

आज मी गाडीत बसलो. क्रमानं सांगतो.

सकाळी फलाटावर उभा राहिलो. गाडी वळणावर दिसली. हात वर करायचा हे मनात शंभरदा घोकलं होतं, तरी हात खांद्याच्या वर जाईना. शेवटी कान खाजवतो आहे असं दिसेल इतपत वर गेला. आणि ताई, तेवढ्यावर गाडी थांबली! आधी हळू झाली, मग चाकांचा बारीक आवाज आला, आणि दार बरोबर माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. एवढं लोखंड, एवढी माणसं, आणि ते सगळं माझ्या कानाजवळच्या हातासाठी. मी आत चढल्याबरोबर डब्यातल्या सगळ्यांची माफी मागितली. कुणाला काही कळलंच नाही. एक आजीबाई विणकाम करत होत्या. त्या म्हणाल्या की माफी बसूनही मागता येते, आधी बस, गाडी सुटायची आहे.

आईसाठी बघून ठेवलेल्या गोष्टी अशा. पायरी आपल्या मागच्या दाराच्या उंबऱ्याएवढीच आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत. मी डोळे मिटून चाचपले तर हात आपोआप त्यांच्यावर गेला. बाकांच्या कडा गोल आहेत. दरवाज्यांना कडी नाही, ते गार्डबाई उघडतात. गार्डबाई उंच आहेत, आवाज खणखणीत. त्या प्रत्येक थांब्याच्या आधी डब्यातून फिरून कुणाला उतरायचं आहे ते विचारतात. बाहेरच्यानं हात करायचा आणि आतल्यानं त्यांना सांगायचं. दोन्ही नसेल तर गाडी थांबत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, गाडी हलत नाही. म्हणजे चालते, पण ढवळत नाही. मी पाण्याचा पेला मांडीवर ठेवून बघितला. सांडला नाही.

थांबे किती छोटे आहेत म्हणून सांगू! एका ठिकाणी तर फलाट म्हणजे एका घराचं अंगणच वाटलं. तिथं एक बाई एका हातात कोबी घेऊन उभी होती. तिनं कोबी वर केला आणि गाडी थांबली. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. मी सगळ्यांचे चेहरे मुद्दाम बघितले, कारण आईला तेच सांगायचं होतं.

आता यापुढचं फक्त तुझ्यासाठी आहे.

मला आपल्या थांब्यावर उतरून तुम्हा दोघींना चकित करायचं होतं. पण गार्डबाई विचारायला आल्या तेव्हा माझी वाचाच बसली. त्या समोरच्या बाकावर कुणाशी तरी बोलत होत्या, मध्ये कसं तोंड घालायचं म्हणून मी वाट बघत राहिलो. तेवढ्यात आपलं घर आलं आणि गेलं.

पण जाताना मला आई दिसली. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. माझा जुना निळा सदरा अगदी नाकाशी धरून बघत होती, कशाचा आहे ते कळत नसल्यासारखा. मग तिनं दोरी शोधली. दोरी तिच्या कपाळाला लागली तेव्हा सापडली. गाडीचा आवाज आला म्हणून तिनं मान वर केली आणि हसली. तिला गाडी बघायची होती. पण ती भलत्याच दिशेला बघत होती, टेकडीकडे. गाडी तिच्या पाठीमागून गेली.

परतताना मी उतरू शकलो असतो. पण तीच दिवसातली शेवटची गाडी, आणि सोमवारी दुकान. शिवाय खरं सांगायचं तर माझे डोळे तिला दाखवण्यासारखे नव्हते. तिला दिसले नसते तरीही.

हे आईला कळू देऊ नकोस. तिला कसंही करून तयार कर. मला इतकी भीती कशाचीच वाटली नव्हती.

तुझ्या मायेवर माझी सगळी भिस्त आहे.
धाकटा

---

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

दारापर्यंत आलास आणि पाणीही न पिता गेलास! असा पाहुणा मी जन्मात बघितला नाही. पण त्याचं भांडण नंतर. आधी मला जे लिहायचं आहे ते लिहू दे, नाहीतर धीर सुटेल.

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टात कुणी नव्हतं. आई जवळच बसली होती. पायरी, दांडे, पेला, कोबी हे सगळं तिला आवडेल म्हणून मी मोठ्यानं वाचायला घेतलं. कोबीला ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग मी त्याच भरात पुढे वाचत गेले. फक्त तुझ्यासाठी हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा मी थांबले. पण आईच ती. तिनं सांगितलं की वाच. मी म्हटलं की पुढं काही नाही, नुसता नमस्कार आहे. ती म्हणाली की नमस्काराला कागदाची पाठ लागत नाही, आणि मी कागद उलटल्याचा आवाज तिनं ऐकला आहे.

म्हणून वाचलं. सदरा, दोरी, टेकडी, सगळं.

मग तिनं विचारलं की ती हसत होती तेव्हा गाडी खरंच पाठीमागून गेली का. मी हो म्हटलं. ती म्हणाली की तिला रोज वाटायचं, गाडी टेकडीच्या बाजूनं जाते, आणि तिथं जे पांढुरकं हलतं ते गाडीच आहे. ते काय असेल ते देव जाणे; बहुतेक तिची स्वतःची पापणी. मग ती उठली, आत गेली, आणि कपाटातून प्रवासाची पिशवी काढून पोस्टाच्या काउंटरवर आणून ठेवली. म्हणाली की पोरगं खिडकीत बसून रडतं आणि आपण टेकडीकडे बघून हसतो, हे काही बरं दिसत नाही.

तिनं एकच अट घातली आहे. हात ती स्वतः करणार. मी तिच्यासाठी केलेला चालणार नाही. लोकांना थांबवायचंच आहे तर तिचं तिनं थांबवावं, दुसऱ्याच्या आडून नको, असं तिचं म्हणणं.

तेव्हा तुझी ती भीती आता तूही सोड, आणि पंचवीस तारखेला रांगेत पाय रोवून उभा राहा. माझी चूक पोटात घाल. तुझ्या कितीतरी मी घातल्या आहेत, अजून जागा आहे.
तुझी ताई

---

बुधवार, २० नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई हे वाचून दाखवील. तिला म्हणावं, या खेपेला सगळं वाचलं तरी चालेल.

हात उजवा कर. कोपर पूर्ण सरळ, तळवा उघडा. माझ्यासारखा कानापाशी ठेवू नकोस. गाडी थांबून दार उघडेपर्यंत खाली घेऊ नकोस. लाल शाल पांघर, ती लांबून दिसते. आत गेल्यावर गार्डबाईंना सांग की शेवटच्या स्टेशनला उतरायचं आहे आणि तिथून समोरच दवाखाना आहे. मी आत रांगेत असेन, म्हणून तुला घ्यायला फलाटावर येता येणार नाही. याचं मला फार वाईट वाटतं. पण माझा नंबर गेला तर तुझा जाईल.

घाबरू नकोस असं लिहिणार होतो. पण मीच इतका घाबरलो आहे की तुला तसं सांगायचा अधिकार मला नाही. तुझ्या जागी मी असतो तर गेलोच नसतो. म्हणून तुझं कौतुक वाटतं.

तुझे पाय समोर आहेत असं समजून डोकं टेकतो.
तुझा बारका

---

सोमवार, २५ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आज थट्टेचं नाव नको. आई निघून गेली आहे, ती तुझ्यापाशी पोचली की नाही ते मला माहीत नाही, आणि पोस्टात बसून मी दुसऱ्यांची पाकिटं चुकीच्या खणात टाकते आहे. म्हणून लिहिते.

सकाळी दार उघडलं तर जग नव्हतं. असं धुकं मी इथं कधी बघितलं नाही. पायथ्याचा फलाटच काय, आमच्या अंगणातली दोरी दिसेना. मी आईचा हात धरून चालत होते, पण खरं म्हणजे तिनंच मला नेलं. उतार कुठं वळतो ते तिच्या पायांना माहीत होतं. मला डोळ्यांशिवाय चालता येत नाही. फलाटावर पोचलो तेव्हा मला रडूच आलं. लाल शाल मलाच दोन हातांवरून दिसेना, ती ड्रायव्हरला काय दिसणार! मी आईला म्हटलं की गाडी आज न थांबताच जाणार, आपण घरी जाऊ. ती म्हणाली की रूळ वाजताहेत, तू गप्प राहा.

आणि तिनं हात वर केला. उजवा, कोपर सरळ, तळवा उघडा, तू लिहिलं होतंस तसा. मी म्हटलं की आई, कुणाला दिसणार नाही. ती म्हणाली की मला तरी कुठं दिसतंय. तिनं हात खाली घेतला नाही. हात दमला तेव्हा तिनं तो दुसऱ्या हातानं खालून धरला.

गाडी आली असं वाटलं, म्हणजे धुकंच आधी जाड झालं. मग सगळं शांत. आणि मग एक कंदील चालत आला. त्याच्यामागे गार्डबाई. त्या मोठ्यानं हाक मारत होत्या, कोणी आहे का, कोणी आहे का. त्यांनी सांगितलं की धुक्यात ड्रायव्हरला हात दिसत नाहीत, म्हणून अशा दिवशी गाडी प्रत्येक थांब्यावर थांबते आणि त्या स्वतः उतरून माणसं शोधतात. आईचा हात अजून वरच होता. गार्डबाईंनी तो तसाच वरच्या वर धरला आणि तिला घेऊन गेल्या. दहा पावलांत दोघी दिसेनाशा झाल्या.

हे पाकीट मी आज पहिलं टाकते आहे. उत्तर लगेच पाठव. तुमच्या दोघांवर जीव लागला आहे.
ताई

---

मंगळवार, २६ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे. शस्त्रक्रिया आज सकाळी एका डोळ्याची झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अगदी काठावर आलीत, पण आलीत. पट्टी उद्या निघेल. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. आता श्वास घे आणि मग पुढचं वाच.

काल मी पहाटेच रांगेत उभा राहिलो. गाडीची वेळ होऊन गेली. दवाखान्याच्या खिडकीतून स्टेशन समोर दिसायला हवं होतं; तिथं नुसता कापूस. मला वाटलं की आई आपल्या फलाटावर हात वर करून उभी असेल आणि गाडी तिच्यासमोरून निघून गेली असेल, जशी माझ्यासमोरून गेली. माझ्या पुढची माणसं एकेक करून आत जात होती. शेवटी नर्सबाईंनी आईचं नाव पुकारलं.

सगळे ओरडून हजर म्हणायचे. माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून मी हात वर केला. सरळ केला ताई, पूर्ण. नर्सबाईंनी विचारलं की रोगी तुम्हीच का. मी म्हटलं की रोगी गाडीत आहे, किंवा नसेल, मला माहीत नाही, पण तुम्ही तिचं नाव कापू नका, जरा थांबा, माझी विनंती आहे. एवढं मोठं वाक्य मी चारचौघांसमोर पहिल्यांदाच बोललो. त्या म्हणाल्या की तुम्ही इथं नवीन दिसता. धुक्याच्या दिवशी गाडीकडच्या रोग्यांना नेहमीच शेवटी घेतात. डॉक्टरीणबाईंनाही ते माहीत आहे. धुकं पडलं की शाळेची पहिली घंटा उशिरा होते, गिरणीचा भोंगासुद्धा गाडी आल्यावरच वाजतो. त्या म्हणाल्या की गाडी माणसं शोधत येते, तिला वेळ लागणारच.

गाडी माणसं शोधत येते! मी सकाळपासून ज्याच्यासाठी देवाला नवस बोलत होतो, ते सगळं गाव आधीच करून बसलं होतं. मला बसावंसं वाटलं. मी बसलो.

मग गाडी आली. आई गार्डबाईंच्या दंडाला धरून आली, आणि तिच्या दुसऱ्या हाताला एक गृहस्थ होते. त्यांचं काय झालं ते आईनं आणि गार्डबाईंनी एकदमच सांगायला सुरुवात केली, म्हणून मला दोनदा ऐकावं लागलं. आपल्या नंतरच्या थांब्यावर गार्डबाई कंदील घेऊन उतरल्या. आई सांगते की त्या उतरल्या की सगळा डबा एकदम गप्प व्हायचा. बोलणारे थांबायचे, विणणाऱ्या सुया थांबायच्या, कुणाला खोकला आला तरी तो दाबून धरायचा, कारण धुक्यातून कुणी ओ दिली तर ती ऐकू यायला हवी. ती म्हणते की एवढी माणसं एका न दिसणाऱ्या माणसासाठी कान देऊन बसली आहेत, असं तिनं कधी अनुभवलं नव्हतं. तिथं कुणाची ओ आली नाही. गार्डबाई परत चढल्या आणि शिट्टी तोंडात धरली. तेवढ्यात आई उभी राहिली आणि म्हणाली की थांबा, कुणीतरी ठोकतंय.

बाकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. आई ठाम होती. गार्डबाई पुन्हा उतरल्या आणि फलाटाच्या टोकापर्यंत गेल्या. तिथं बाकावर हे गृहस्थ बसले होते, आपल्या छत्रीनं बाकाच्या पायावर ठोकत. त्यांचा घसा पार बसला आहे, ओ देताच येत नव्हती. गळ्याच्या डॉक्टरांकडेच निघाले होते. ते चढले तेव्हा सगळ्या डब्यानं टाळ्या वाजवल्या. मग उरलेली वाट दोघं शेजारी बसली. धुक्यातून खिडकीबाहेर जे थोडंफार दिसायचं ते हे गृहस्थ आईच्या तळहातावर बोटानं काढून दाखवायचे, आणि त्यांच्यासाठी तिकीट आईनं मागून घेतलं.

मी आईला म्हटलं की अनोळखी लोकांना तू थांबा म्हणालीस! ती म्हणाली की तिच्या स्वतःसाठी नव्हतं ना ते, मग जमलं. मग म्हणाली की तिच्यासाठीही जमलंच होतं म्हणा, घरून निघताना.

ती झोपली आहे. मी बाकावर बसून लिहितो आहे. या जगाबद्दल माझा काहीतरी मोठा गैरसमज होता असं वाटतंय, आणि तो दूर झाल्यानं डोकं हलकं झालं आहे.

पट्टी निघाल्यावर तार करीन. सांभाळून राहा, आमची आठवण हसून काढ.
तुझा धाकटा

---

रविवार, ८ डिसेंबर

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

आई काल पोचली. एकटी आली, एका डोळ्यानं आली, आणि तू करून दिलेला काळा चष्मा लावून अशी उतरली की मला वाटलं कुणी तपासणीला साहेबीण आली. मला बघितल्याबरोबर पहिलं वाक्य काय, तर माझे केस इतके पांढरे झाले आणि मी तिला सांगितलं का नाही! मी म्हटलं की तुला दिसत नव्हतं म्हणून तर निर्धास्त होते. मग तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बघतच राहिली. ते मी इथं लिहीत नाही.

काल स्वच्छ ऊन होतं. फलाटावर आम्ही दोघीच. गार्डबाईंनी तिची पिशवी खाली दिली, शिट्टी वाजवली, आणि गाडी सुटली. आईला वाटलं की एवढं सगळं केलं त्या बाईंनी, निरोप तरी नीट घ्यावा. ती वळली आणि गार्डबाईंकडे बघून तिनं हात केला. उजवा. कोपर सरळ, तळवा उघडा. तू शिकवलेला एकच प्रकार तिला येतो.

गाडी थांबली.

चाकांचा आवाज आला, दोन्ही डबे जागच्या जागी उभे राहिले, आणि प्रत्येक खिडकीतून एकेक डोकं बाहेर आलं. गार्डबाई धावत आल्या आणि विचारलं की काय राहिलं, पिशवी राहिली का, औषध राहिलं का. आई लाजून लाल झाली. म्हणाली की काही नाही हो, मी नुसतं या म्हणत होते. गार्डबाईंनी ते ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. ड्रायव्हर हसला, मग पहिला डबा हसला, मग दुसऱ्याला कळलं आणि तो हसला.

मला वाटलं की आई आता धरणी दुभंगण्याची वाट बघणार. पण तिनं चष्मा नीट केला आणि गार्डबाईंना विचारलं की गाडी थांबलीच आहे तर मी जरा बघून घेतली तर चालेल का. दोनदा बसली, पण बाहेरून अख्खी गाडी कशी दिसते ते तिनं अजून बघितलेलं नाही. गार्डबाई म्हणाल्या की बघा की, सावकाश बघा.

आणि तिनं बघितली. इंजिनापासून शेवटच्या दारापर्यंत ती चालत गेली. चाकं बघितली, दांडे बघितले, पायरी बघितली. प्रत्येक खिडकीपाशी थांबून आतल्या माणसाचं तोंड बघितलं, आणि ज्याचं तोंड बघितलं त्याला मान हलवून ओळख दिली. सगळी गाडी तिच्यासाठी उभी होती, आणि तिला त्याची घाई नव्हती. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा असं बघितलं.

शेवटच्या दारापाशी ती मागे सरली. निघायला हरकत नाही असं सांगायला तिचा हात आपोआप वर निघाला होता. तो तिनं अर्ध्यात पकडला. मग दोन्ही हात शालीखाली घट्ट बांधून घेतले आणि ड्रायव्हरला नुसत्या मानेनं सांगितलं की आता जा.

या महिनाअखेर दुसऱ्या डोळ्यासाठी ती पुन्हा येईल. तू मात्र त्याआधी एका रविवारी ये, गार्डबाईंना तोंडानं सांग, आणि उतर. चहा तयार असेल, साखर आता ती बघून घालते.

आम्हा दोघींचा सगळा जीव तुझ्या वाटेकडे लागलेला आहे, हे जाणून राहा.
तुझी ताई